उत्पादक कंपनी आणि सभासदाची राखलेली किंमत

शेतकऱ्यांनीं आपल्या मालाची विक्री आपल्याच मंडळीकडून करावी या हेतूनें उत्पादक कंपन्या निघूं लागल्यास आतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यांत २००२ सालीं दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांस मान्यता मिळाली. ती अर्थशास्त्रज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवर आधारलेली होती. हल्लीं त्या तरतुदी २०१३ च्या कायद्यांत समाविष्ट आहेत. दहा शेतकरी एकत्र आले म्हणजे कंपनी नोंदवितां येते. व्यक्तिसभासदाचे भाग कितीहि असले तरी त्यास मत एकच. आणि ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो अशास सभासद होतां येत नाहीं. ज्यांनीं अडत्यासच भागीदार करून घेतलें असेल त्यांनीं ही अट पुन्हां एकवार वाचावी.

२०२० सालीं केंद्र सरकारनें अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची योजना जाहीर केली. तिच्यांत सभासदांच्या भागभांडवलाच्या जोडीस अनुदानहि आहे. अनुदान वाईट नव्हे. परंतु केवळ त्यासाठीं स्थापिलेल्या कंपनीस धंदा कोणता करावयाचा हेंच पुष्कळदां ठाऊक नसतें. सोयाबीन सुगींत घेऊन सुगींतच विकणें हा कांहीं धंदा नव्हे. तें काम अडत्या करीतच होता. माल वाळवून, चाळून, प्रतवारी लावून कांहीं महिने वखारींत ठेवणें, किंवा बियाणें व खत ठोक भावानें आणणें, यांत कंपनीची खरी कमाई आहे.

परंतु माल ठेवावयाचा म्हणजे शेतकऱ्याचे पैसे अडकणार. यासाठीं कायद्यानें ‘राखलेली किंमत’ अशी सोय केली आहे. माल घेतांना संचालक ठरवितील तेवढी रक्कम द्यावयाची, व उरलेली मागाहून प्रत्येकानें घातलेल्या मालाच्या प्रमाणांत वांटावयाची. समजा, एकानें ४० क्विंटल सोयाबीन घातलें व क्विंटलमागें २०० रुपये राखले, तर त्याचे ८,००० रुपये कंपनीकडे राहिले. हें एका प्रकारें बिनव्याजी कर्जच आहे, व धनको स्वतः शेतकरी आहे. मग त्यानें हिशेब मागितला तर संचालकांनीं रुसावें कां?

हिशेबांत पहिली शंकेची जागा घट ही होय. १४ टक्के ओलीचें १०० क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर वाळविलें, तर वजन सुमारें ९७.७ क्विंटल भरतें. अर्थात् सव्वादोन क्विंटलांची घट निव्वळ पाण्याची. काडीकचरा निघेल तो वेगळा. याहून अधिक घट दाखविली असेल तर कारण विचारावें. माल घेतांना ओल मोजून ती पावतीवर लिहिली नसेल, तर मात्र हा सगळा हिशेब व्यर्थ आहे. एका कंपनीच्या सभेंत आम्हीं ओलीचा आंकडा विचारला. उत्तर मिळालें कीं, ओल हातानेंच कळते! पुढच्या हंगामीं तेथील निम्म्या सभासदांनीं माल बाजारांत नेला.

मोठ्या कंपन्यांतहि असेंच घडतें. हैदराबादेची सत्यम् कॉम्प्युटर कंपनी कारभाराच्या चोखपणाबद्दल २००८ सालीं गौरविली गेली होती. त्याच वर्षीं डिसेंबरांत तिच्या चालकांनीं स्वतःच्या कुटुंबाच्या मायटास नांवाच्या कंपन्या सत्यम्‌च्या पैशानें विकत घेण्याचें ठरविलें. भागधारकांनीं ओरड केल्यावर तो बेत लगेच सोडावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजीं अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं लेखी कबूल केलें कीं, वहींत दाखविलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँकेतील शिलकेपैकीं ५,०४० कोटी रुपये मुळांत नव्हतेच. बँकांच्या ठेवींचे खोटे कागद करण्यांत आले होते. ठेव आहे कीं नाहीं हें हिशेबतपासनिसांनीं बँकेकडून परभारें पडताळून घेतलें असतें, तर इतकीं वर्षें हें झाकलें राहतेंना.

आपल्या कंपनींत मायटास नसेल. पण संचालकाच्या मेव्हण्याची मालमोटार असते, चुलत्याची वखार असते. तीं वापरूं नयेत असें आम्हीं म्हणत नाहीं, कारण खेड्यांत दुसरी मोटार आणावी कोठून? मात्र भाडें किती दिलें व बाजारांत दर काय होता, हें सभेपुढें लेखी यावें, व ठराव होतांना त्या संचालकानें मत देऊं नये.

वार्षिक सभेची सूचना निदान १४ दिवस आधीं मिळाली पाहिजे व तिच्यासोबत तपासलेला ताळेबंद आणि नफातोट्याचें पत्रक आलें पाहिजे, असा कायदा आहे. अंतर्गत हिशेबतपासणीहि सक्तीची आहे. सूचना हातीं येतांच प्रथम बँकेची शिल्लक, मग वखारींतील मालाचें वजन, आणि शेवटीं राखलेल्या किमतीची यादी पहावी. त्या यादींत आपलें नांव व आपले क्विंटल स्वतःच्या पावत्यांशीं ताडून मगच सभेस जावें.