सोव्हिएत संघ का कोसळला? साधनं वाचायची कशी?



'इतिहासाची साधने' हा पाठ मुलं छान पाठ करतात. भौतिक, लिखित, मौखिक. पण ती वापरायची कशी, तिथं गाडी अडते. सोव्हिएत संघाचंच घ्या. गाईडमधलं उत्तर एका ओळीचं असतं : गोर्बाचेव्ह यांच्या धोरणांमुळे विघटन झालं. २५ डिसेंबर १९९१ ला त्यांनी राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी संघ विसर्जित झाला, हे खरंच. पण ही झाली तारीख. कारण कुठं शोधायचं?

आपल्या कापूसपट्ट्यातल्या मुलांना उझबेकिस्तानचं उदाहरण लगेच समजेल. कापसाचं लक्ष्य मॉस्कोत ठरायचं आणि खालून ते पूर्ण झाल्याचे आकडे वर जायचे. १९८० च्या दशकात चौकशी झाली, तेव्हा न पिकलेला कापूससुद्धा वर्षानुवर्षं कागदावर जमा होत होता असं उघड झालं. मुलांना विचारा, जिनिंगमध्ये माल कमी आणि वहीत जास्त असेल, तर ते कोणाला आणि कधी कळेल? याच कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कालव्यांत वळवलं आणि अरल समुद्र आटत गेला. वहीतला आकडा खोटा, पण कोरडा पडलेला समुद्र खोटा कसा असेल? तेही साधनच, भौतिक साधन!

आता मतांचे आकडे पाहू. १७ मार्च १९९१ च्या सार्वमतात सुमारे ७६ टक्के मतं संघ टिकावा म्हणून पडली. युक्रेनमध्ये ७० टक्के. त्याच युक्रेनमध्ये १ डिसेंबरला ९० टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला! मधे ऑगस्टमध्ये फसलेला उठाव झाला होता. शिवाय मार्चमधला प्रश्न 'नव्यानं घडवलेल्या' संघाबद्दल होता आणि सहा प्रजासत्ताकांच्या सरकारांनी त्यावर बहिष्कार घातला होता. नुसता ७६ चा आकडा फळ्यावर लिहिला, तर यातलं काहीच दिसत नाही.

मराठीत सलग वाचायचं असेल तर गोविंद तळवलकरांचं 'सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त' आहे. मौखिक साधनांसाठी स्वेतलाना अलेक्सिएविच. सामान्य माणसांच्या मुलाखतींतून पुस्तकं उभी करणाऱ्या या लेखिकेला २०१५ चं नोबेल मिळालं.

अण्णाभाऊ साठ्यांचं 'माझा रशियाचा प्रवास' मात्र प्रचार म्हणून बाजूला ठेवू नका. ते तिकडे गेले १९६१ साली, गागारिन अवकाशात गेला त्याच वर्षी. संघ का पडला हे त्यात सापडणार नाही. पण मुंबईच्या कामगार वस्तीतून गेलेल्या माणसाला तिथं काय भावलं, ते सापडेल. आधी विश्वास होता हे समजलं, तरच तो उडाला म्हणजे काय झालं ते समजेल ना?

पालकांसाठी एक काम. 'सोव्हिएत देश' नियतकालिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं वह्यांना घातलेली तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. घरातल्या जुन्या पेटीत किंवा वाचनालयात एखादा अंक सापडला, तर मुलांना चित्रं पाहू द्या. मग तो कोणी छापलाय ते शोधायला सांगा.