सुती शर्ट घरीच ठेवा

पावसाळ्यात तळेगावहून (श्यामजी पंत) अमरावती, परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याचा भीमकुंड पाहायला निघणाऱ्यांना कापसाच्या मुलखात हे सांगणं धाडसाचंच, पण सुती शर्ट आणि जीन्स घरीच ठेवा. दमट हवेत कापूस वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा शोषतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. भिजल्यावर तर फरक आणखी वाढतो. ओल्या शर्टात २०० ग्रॅम पाणी धरा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे अंगावरच तो वाळवायचा, तर जवळपास पाच लाख ज्यूल! त्यातली बरीच तुमच्या शरीरातून जाते. त्यात चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंच. हवा साधारणपणे दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. वर वारा असतोच.

म्हणून पातळ सिंथेटिक टी-शर्ट, खोल खाचांच्या तळाचे बूट आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा जोड, मोजे धरून. गारव्यात तहान कळत नाही, घाम मात्र जातो. पाणी आणि ओआरएस हवंच. छत्री कड्यावर निरुपयोगी, रेनकोट बरा. आणि ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर सामान सोडा, आधी काठ गाठा.