तिसरीच्या मुलाला काय यायला हवं? महाड-पोलादपूरच्या पालकांसाठी सोपी माहिती

महाड : प्रगतिपुस्तकात ‘अ-२’ आलं, पोर पुढच्या वर्गात गेलं. पण त्याला नक्की काय येतं, हे नुसत्या श्रेणीवरून कळत नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानुसार तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, छोट्या चाचण्या अशा वर्षभराच्या कामाचे, तर ४० गुण सत्राच्या परीक्षेचे असतात. सगळं मिळून एक श्रेणी येते. त्यात वाचन कच्चं राहिलं तरी ते झाकलं जाऊ शकतं.

उद्दिष्ट काय आहे?

केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं ध्येय.

पहिली : चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचणं, ९९ पर्यंतच्या संख्या.
दुसरी : मिनिटाला ४५ ते ६० शब्द, ९९९ पर्यंतच्या संख्या.
तिसरी : मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह, ९९९९ पर्यंतच्या संख्या, सोपे गुणाकार.

घरी कसं तपासाल?

मुलाने न वाचलेला सोपा उतारा द्या. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि शब्द मोजा. मग गोष्टीत काय झालं ते विचारा. भराभर वाचलं पण सांगता आलं नाही, तर उद्दिष्ट गाठलं असं होत नाही. मुंबईला असलेले बाबाही व्हिडिओ कॉलवर हे ऐकू शकतात. अडखळलं तर ओरडू नका. रोज दहा मिनिटं वाचून घ्या.

मुलालाही सांगा

‘अभ्यास कर’ म्हटलं की पोराला नेमकं काय करायचं ते उमगत नाही. ‘या आठवड्यात हातच्याची वजाबाकी शिकायची. पाच गणितं कुणाला न विचारता सुटली, की जमलं,’ असं सांगितलं, तर आपण कुठवर आलो हे त्याचं त्यालाच कळतं.

वाडीवरच्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र घेत असतील, तर घरची ही मदत जास्तच मोलाची.

शाळेत काय विचाराल?

‘किती मार्क पडले?’ याऐवजी ‘काय येतं, काय राहिलंय, घरी काय घेऊ?’ हे गुरुजींना, बाईंना विचारा. कोणत्या वर्गात काय यायला हवं, ती ‘अध्ययन निष्पत्ती’ची यादी बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर छापलेली असते. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.