चावी बंद, तरी बॅटरी उतरते कशी?

मोटरसायकलला बाहेरचा ईसीयू (इंजिन कंट्रोल युनिट) बसवला, गाडी झकास पळाली आणि दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर सेल्फ मारला तर नुसती टकटक. ही तक्रार नवी नाही. त्यावर निदानही ठरलेलं: कुणी म्हणतं बॅटरी गेली, कुणी म्हणतं हा डबाच करंट खातो. मीटर मात्र कुणी लावलेला नसतो, आणि खरी हरकत तिथे आहे. बीएस-6 नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाल्यावर बहुतेक मोटरसायकलींमधून कार्ब्युरेटर गेला, अनेकींची कीकही गेली. पेट्रोलचा पंप आणि ईसीयू दोन्ही विजेवर चालतात. त्यामुळे ‘धक्का मारू, होईल चालू’ हा भरवसाही आता धरता येत नाही. बॅटरी पार बसली असेल तर धक्का बहुधा वाया जातो.

चावी काढली की सगळं बंद होतं, हा सगळ्यात पक्का गैरसमज. मीटरचं घड्याळ, अलार्म आणि काही ईसीयू चावी बंद असतानाही थोडा करंट घेतात. हा करंट एक मिलिअँपिअर असेल तर दिवसाला 24 मिलिअँपिअर-तास जातात, महिन्याला साधारण पाऊण अँपिअर-तास. 8 अँपिअर-तासांच्या बॅटरीला त्याचं काहीच वाटत नाही. तोच आकडा 50 वर गेला की दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात. तीन-चार दिवसांत बॅटरी अर्धी रिकामी होते आणि सेल्फ मान टाकतो.

हे 50 येतात कुठून? बहुतेक वेळा जोडणीतून. ईसीयू मॉड्यूलचा मुख्य पुरवठा चावीच्या लाइनवरून, किंवा चावीने चालणाऱ्या रिलेमधून यायला हवा. घाईत तो थेट बॅटरीच्या प्लसवर मारला, की मॉड्यूल रात्रभर जागंच राहतं. चिकटलेला रिलेही हाच प्रकार करतो. डबा निर्दोष असतो आणि बदनाम तोच होतो.

शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि ती वायर व निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मध्ये मीटर लावा. लाल प्रोब 10 अँपिअरच्या खाचेत हवा. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल. काही ईसीयू झोपायला थोडा वेळ घेतात, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मग नव्या मॉड्यूलचा कपलर काढा. आकडा एकदम खाली आला तर त्याची जोडणी तपासा. हलला नाही तर एकेक फ्यूज काढत जा. नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा मोबाइल चार्जर अशा वेळी अनेकदा हाती लागतो, आणि महिनोन्‌महिने तो कुणाच्या लक्षातही आलेला नसतो.

मोठी बॅटरी टाकल्याने गळती थांबत नाही, गाडी बंद पडायचा दिवस फक्त पुढे ढकलला जातो. बॅटरी सोडवली की ईसीयूमधला मॅप (इंधन आणि इग्निशनची सेटिंग) पुसला जातो, ही भीतीही सहसा निराधार. मॅप फ्लॅश मेमरीत असतो, तो वीज गेली तरी राहतो. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, आयडलिंग काही काळ वरखाली होईल, इतकंच.

राहिला ‘दहा मिनिटं गाडी चालू ठेव, चार्ज होईल’ हा सल्ला. आयडलिंगला मॅग्नेटोची वीज मुळातच कमी. त्यातून पंप आणि इग्निशन चालतं, शिवाय 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गाड्यांचा हेडलाइट कायम पेटलेला. बॅटरीच्या वाट्याला उरतं किती? लेड-अ‍ॅसिड बॅटरी तशीच उतरलेली राहिली तर प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि गेलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही. म्हणून जोडणी दुरुस्त झाल्यावर बॅटरी चार्जरवरच पूर्ण भरा. चार्जर काढून काही तासांनी 12.6 व्होल्ट किंवा जास्त दिसायला हवेत. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्या: टर्मिनलवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक आहे. 13 च्याही खाली राहिले, तर आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) आणि मॅग्नेटोची कॉइल तपासून घ्या. तो दोष वेगळाच आहे. ईसीयू काढून ठेवला तरी तो तसाच राहील.