कंडक्टर खाली उतरायचा

लहानपणी एसटीने गावी जाताना एका ठिकाणी बस थांबायची आणि कंडक्टर खाली उतरायचा. तिथे ना थांबा होता, ना वस्ती. रुळांवर उभं राहून तो डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, क्षणभर कान देऊन ऐकायचा आणि मग हात हलवायचा. बस रूळ ओलांडून पलीकडे जायची, तो धावत येऊन चढायचा, घंटी दोनदा वाजायची. हा त्याचा स्वभाव असावा, असं मला वाटे. मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलम नेमकं हेच सांगतं, हे फार नंतर कळलं: फाटकवाला नसेल तिथे वाहन थांबवावं, कंडक्टर, क्लीनर किंवा सोबत्याने रुळांपर्यंत चालत जाऊन गाडी येत नाही ना ते पाहावं, आणि सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरावं.

हा नियम बैलगाडीच्या वेगाच्या रस्त्याला शोभणारा होता. पुढे त्याच रस्त्यावर डांबर आलं, मग तो राज्य महामार्ग झाला, काही ठिकाणी राष्ट्रीय महामार्ग झाला. रूळ आणि रस्ता मात्र एकाच पातळीवर राहिले. ताशी शंभरच्या वेगाने येणारी रेल्वेगाडी ब्रेक लावल्यावर शेकडो मीटर पुढे जाऊनच थांबते. इंजिनचालकाला समोर ट्रॅक्टर दिसला तरी तो फार काही करू शकत नाही. रुळांकडेला पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं असतं, म्हणजे पुढे फाटक आहे, शिट्टी वाजव. त्याच्या हातात जवळपास तेवढंच.

फेब्रुवारी २००५ मध्ये नागपूरजवळ कन्हान परिसरात लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रॅक्टर मानवरहित फाटकावर पॅसेंजरखाली सापडला. पन्नासहून अधिक माणसं गेली. वऱ्हाडाच्या ट्रॉलीत कोण, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. बायका, पोरं, म्हातारी माणसं, कडेवरची बाळं. अशा प्रत्येक अपघातानंतर चालकाच्या निष्काळजीपणाची चर्चा झाली आणि ती बहुतेकदा खोटीही नव्हती. पण एका माणसाच्या एका क्षणाच्या चुकीवर पन्नास जीव टांगून ठेवणारी ती जागा तशीच का ठेवली, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

तो प्रश्न सरकारदरबारी स्पष्टपणे मांडला डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने. फेब्रुवारी २०१२ च्या अहवालात तिने मानवरहित आणि गेटमन असलेली, अशी सगळीच फाटकं पाच वर्षांत काढून टाकायला सांगितलं. खर्च सुमारे ५० हजार कोटी. आणि फाटकं चालवण्याचा खर्च वाचून तो सात-आठ वर्षांत भरून निघेल, असा हिशेबही दिला. हिशेब मांडूनही पाच वर्षांत ते झालं नाही. २०१४ च्या जुलैमध्ये तेलंगणातल्या मासाईपेटला नांदेड–सिकंदराबाद पॅसेंजरने शाळेच्या बसला धडक दिली. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरला शाळेच्या व्हॅनमधली १३ मुलं गेली. त्यानंतर मात्र कामाने वेग घेतला आणि जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरचं शेवटचं मानवरहित फाटक गेलं. हे यश खरं आहे, मोठं आहे. फक्त कुशीनगरच्या आधी ते का साधलं नाही, हे मनातून जात नाही.

महामार्गांची गोष्ट वेगळी चालली. ४ मार्च २०१६ ला ‘सेतू भारतम्’ जाहीर झालं: राष्ट्रीय महामार्गांवरच्या २०८ फाटकांच्या जागी पूल, २०,८०० कोटी रुपये, मुदत २०१९. त्यात महाराष्ट्रातली १२ होती. मुदत उलटून गेली तरी देशात अनेक ठिकाणी कामं चालूच राहिली. याचं एक कारण पुलाच्या पोटातच आहे. रुळांवरचा भाग बहुधा रेल्वे बांधते, दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते रस्त्याचं खातं. मधला तुकडा तयार होऊन दोन्हीकडून अधांतरी उभा आहे आणि खाली फाटकावर ट्रकची रांग लागली आहे, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. जमीन अडते, निविदा अडते, एकाचं काम संपतं तेव्हा दुसऱ्याचं सुरू होतं.

पूल कुठे हवा हे ठरवण्याचं रेल्वेचं मापही पाहण्यासारखं आहे. दिवसभरात फाटकावरून जाणाऱ्या रेल्वेगाड्या आणि रस्त्यावरची वाहने यांचा गुणाकार करायचा. तो एक लाखावर गेला की खर्च वाटून घेऊन पूल. म्हणजे आधी तिथे गर्दी साचली पाहिजे. समृद्धी महामार्ग किंवा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आखताना मात्र रुळांवरून पूल पहिल्या दिवसापासून नकाशात होते. नव्या रस्त्याला जे सहज मिळालं, ते जुन्या रस्त्याला गुणाकारातून सिद्ध करावं लागतं.

गेटमन असला की धोका संपला, असंही नाही. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूतल्या कडलूरजवळ सेम्मनकुप्पम इथे शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली, तीन विद्यार्थी गेले. त्या फाटकावर माणूस होता. इंटरलॉकिंग, म्हणजे फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवाच न होण्याची सोय, नव्हती. नंतर इंटरलॉकिंगसाठी लागणारा तोच गुणाकार २० हजारांवरून १० हजारांवर आणला गेला.

आमच्या वाटेवरच्या त्या जागी आता रुळांखालून भुयारी मार्ग आहे. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं, तेव्हा लोक दुचाकी हाताने ढकलत पुन्हा रुळांवरूनच पलीकडे जातात.