गृहनिर्मित कर्णा-ध्वनिवर्धक : मंद्र स्वरांची लांबी आणि खोलीचा कोपरा

प्रस्तावना

ग्रामोफोनवरील पितळी कर्णा मराठी वाचकास परिचित आहे, आणि सभा-मिरवणुकांतील भोंगाही. दोहोंमागील तत्त्व एकच आहे. त्याच तत्त्वावर संगीतश्रवणासाठी मोठा कर्णा-ध्वनिवर्धक घरीच बांधणाऱ्या हौशी मंडळींची परंपरा अमेरिका, युरोप व जपान येथे अनेक दशकांची आहे. अशा बांधणीत मध्य व तार स्वरांचे कर्णे आटोपशीर असल्याने फारसे त्रासदायक ठरत नाहीत. खरी कसोटी मंद्र स्वरांच्या कर्ण्याची असते, कारण त्याचे आकारमान बांधणाऱ्याच्या इच्छेवर नव्हे, तर ध्वनीच्या तरंगलांबीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः याच प्रश्नाचा विचार केला आहे.

कर्ण्याचे कार्य

सामान्य पेटीबंद ध्वनिवर्धकाचा कागदी शंकू हवेच्या मानाने जड असतो. तो पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाण्याऐवजी बरीचशी बाजूला निसटते. परिणामी त्यास मिळालेल्या विद्युतऊर्जेपैकी साधारणतः एक टक्का किंवा त्याहून कमी ऊर्जेचे ध्वनीत रूपांतर होते. शंकूसमोर अरुंद कंठापासून क्रमाक्रमाने रुंदावत जाणारी नळी बसविल्यास हवेला निसटण्यास वाव राहत नाही. शंकूवर हवेचा भार पडतो आणि कार्यक्षमता दहापट किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. १९२०च्या दशकात अॅम्प्लिफायरची शक्ती काही वॅटपुरतीच मर्यादित असल्याने बोलपटगृहांना कर्ण्यावाचून पर्याय नव्हता. पुढे वॅट स्वस्त झाले आणि घरांतून कर्णा मागे पडला. तरीही आज तो बांधण्यास एक सबळ कारण उरते : तेवढाच आवाज देण्यासाठी कर्ण्यातील शंकूस फार थोडे हलावे लागते, त्यामुळे त्याच्या हालचालीतून उद्भवणारी विकृती कमी होते.

कर्ण्याच्या उपपत्तीचे समीकरण ए. जी. वेबस्टर यांनी १९१९ साली प्रसिद्ध केले. त्यानुसार घातांकी कर्ण्यात, म्हणजे ठरावीक अंतरागणिक ज्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते अशा कर्ण्यात, एक सीमा-वारंवारता असते. तिच्या खाली कर्णा शंकूवर भार टाकत नाही. ही सीमा जितकी खाली न्यावी, तितका विस्तार संथ ठेवावा लागतो, म्हणजेच लांबी वाढते. शिवाय मुखाचा परीघ सीमेवरील तरंगलांबीइतका असावा लागतो. अन्यथा ध्वनीचा काही भाग मुखाशीच परावर्तित होऊन काही स्वर फुगतात व काही दबतात. लंडनच्या सायन्स म्युझियमसाठी आर. पी. जी. डेनमन यांनी १९२९ साली योजिलेल्या कर्ण्याची सीमा ३२ हर्ट्‌झ होती. त्याची लांबी २७ फूट आणि चौकोनी मुखाची बाजू ७ फूट १ इंच होती! तो १९४९ साली अपघाताने नष्ट झाला व २०१४ साली पुन्हा बांधण्यात आला. वस्तुसंग्रहालयात हे शक्य आहे, दिवाणखान्यात नाही.

कोपऱ्याचा उपयोग

या अडचणीवरील उपाय खोलीतच दडलेला आहे. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९३०च्या दशकातच कोपऱ्यात ठेवण्याचा घरगुती कर्णा तयार केला होता. अमेरिकन अभियंता पॉल क्लिप्श यांनी ही कल्पना पूर्णत्वास नेली. त्यांचा 'लहान आकाराच्या मंद्र कर्ण्या'वरील शोधनिबंध १९४१ साली प्रसिद्ध झाला आणि १९४६ साली आर्कान्सा राज्यातील होप या गावी त्यांनी 'क्लिप्शहॉर्न'च्या उत्पादनासाठी कंपनी स्थापन केली. या रचनेत दोन भिंती व जमीन यांनाच कर्ण्याचा शेवटचा भाग मानले आहे. मोकळ्या अवकाशाच्या केवळ अष्टमांश भागात ध्वनी पसरत असल्याने मुखही अष्टमांश क्षेत्रफळाचे पुरते.

याचे गणित प्रत्यक्ष आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. ध्वनीचा वेग सेकंदास ३४४ मीटर, सीमा ४० हर्ट्‌झ आणि कंठाचे क्षेत्रफळ ५०० चौ. सेंमी. धरल्यास कर्ण्याचे क्षेत्रफळ दर ४७ सेंमी.ला दुप्पट व्हावे लागते. मोकळ्या जागेत मुख सुमारे ५.९ चौ. मीटर आणि लांबी ३.२६ मीटर येते. तोच कर्णा कोपऱ्यात बसविल्यास मुख ०.७४ चौ. मीटर व लांबी १.८४ मीटर होते. एवढी लांबी दुमडून कपाटाएवढ्या पेटीत बसविता येते.

४० हर्ट्‌झ ही सीमा पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डबल बेसच्या खालच्या तारेस (सुमारे ४१ हर्ट्‌झ) अनुसरून आहे. काळी एक पट्टीतील तानपुऱ्याचा खर्ज मात्र सुमारे ६९ हर्ट्‌झवर लागतो. ज्याचे श्रवण मुख्यतः ख्यालगायनाचे आहे, त्याने सीमा ६० हर्ट्‌झवर ठेवल्यास कोपऱ्यातील कर्ण्याची लांबी ८६ सेंमी. व मुख ०.३३ चौ. मीटर इतकेच राहते. परदेशी आराखडे जसेच्या तसे उतरवून घेण्यापूर्वी हा विचार अवश्य व्हावा.

बांधणीतील बाबी

शंकूच्या मागील बंद कोठडीचे आकारमान अंदाजाने ठरविता येत नाही. सीमेच्या जवळ कर्ण्यातील हवा शंकूवर जडत्वासारखा परिणाम करते. मागील कोंडलेल्या हवेच्या स्थितिस्थापकतेने त्याचे निराकरण करावयाचे असते. कंठाचे क्षेत्रफळ गुणिले दुपटीचे अंतर गुणिले २.९ हे त्याचे सूत्र होय. वरील ४० हर्ट्‌झच्या उदाहरणात हे उत्तर सुमारे ६८ लिटर येते. शंकूच्या स्वतःच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षात कोठडी काहीशी मोठी ठेवावी लागते.

दुमडलेल्या कर्ण्यास वरचीही मर्यादा असते. वळणावर आतील व बाहेरील मार्गांतील फरक अर्ध्या तरंगलांबीच्या जवळ गेला की ध्वनी स्वतःलाच छेदू लागतो. ४०० हर्ट्‌झला अर्धी तरंगलांबी ४३ सेंमी. असते. म्हणून साधारण त्या सुमारास काम मध्य स्वरांच्या सरळ कर्ण्याकडे सोपविणे इष्ट. मंद्र ध्वनी १.८४ मीटरचा मार्ग चालून येत असल्याने तो पाच मिलिसेकंदांहून अधिक उशिरा बाहेर पडतो. मध्य व तार स्वरांना तेवढाच विलंब देणे आता अंकीय उपकरणांनी सहज साधते. ४० हर्ट्‌झखालील संकेतही गाळणीने अडवावेत, कारण तेथे शंकू निराधार होऊन इजा पोहोचेल इतका हलू शकतो.

सुतारकामात १८ मि.मी. जाडीचे चांगले प्लायवुड, मोठ्या फळ्यांना आतून आधारपट्ट्या आणि हवाबंद सांधे एवढे सांभाळावे लागते. सांध्यातील लहानशी फटही फुसफुसते, आणि पेटी बंद झाल्यावर ती सापडणे कठीण. फळ्या कापण्यापूर्वी डेव्हिड मॅकबीन यांच्या 'हॉर्नरेस्प' या विनामूल्य संगणकप्रणालीवर रचना तपासून घेता येते. मात्र खोली कोणतीही प्रणाली पुरवीत नाही. स्टीरिओसाठी एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे मोकळे हवेत, आणि आपल्याकडील घरांत त्यांपैकी एका कोपऱ्याशी बहुधा दार किंवा खिडकी असते. विटांच्या भिंती अमेरिकेतील पोकळ भिंतींपेक्षा कितीतरी दृढ असल्याने मंद्र स्वरांना उत्तम पाठबळ देतात. परंतु तो लाभ भिंत कोपऱ्यापासून मीटरभर तरी अखंड असल्यासच मिळतो. प्लायवुड आणण्यापूर्वी हे अंतर मोजावे.