आगगाडीचा तिसरा रूळ

आगगाडीला दोन रूळ असतात ही गोष्ट आपल्या शाळेतील लहानातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. विजेच्या गाडीला या दोन रुळांखेरीज डोक्यावर एक तार लागते, हेही आता आपल्या भागात सर्वांना परिचयाचे झाले आहे; कारण कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा सारा मार्ग 2022 साली विजेवर आला. परंतु बंगळूरची मेट्रो पाहून आलेले विद्यार्थी एक वेगळेच कोडे बरोबर घेऊन येतात. ते म्हणतात, "गुरुजी, त्या गाडीवर तारही नाही आणि धूरही नाही, मग ती चालते कशावर?" प्रश्न उत्तम आहे. तिचे उत्तर डोक्यावर शोधून सापडत नाही. ते पायांशी, रुळांच्या कडेला, मुकाट्याने पडून असते. त्याचेच नाव तिसरा रूळ.

मी भाषा शिकविणारा मनुष्य. विद्युत्शास्त्राचा पंडित नव्हे. तथापि या विषयात एक मूळ तत्त्व पक्के ध्यानात धरले, तर पुढील सर्व गोष्टी कथेसारख्या एकामागून एक उलगडत जातात. ते तत्त्व असे की, विजेच्या प्रवाहाला जाण्याची वाट हवी आणि परतण्याचीही वाट हवी. एकच वाट असेल तर प्रवाह वाहणार नाही. घरातील दिव्याला दोन तारा का जोडतात, याचे कारण हेच. गाडीच्या बाबतीत अडचण एवढीच की दिवा जागचा हलत नाही आणि गाडी धावत असते. धावत्या वस्तूला दोन्ही वाटा अखंड कशा पुरवाव्यात, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचे पहिले यशस्वी उत्तर जर्मनीत मिळाले. 1879 साली बर्लिन येथील प्रदर्शनात वेर्नर फोन सीमेन्स याने एक लहानसे विजेचे इंजिन चालवून दाखविले. दोन रुळांच्या मधोमध त्याने एक वेगळी लोखंडी पट्टी बसविली होती. त्या पट्टीतून प्रवाह इंजिनात येई आणि चाकांवाटे रुळांत उतरून परत जाई. म्हणजे तिसऱ्या रुळाची कल्पना विजेच्या गाडीइतकीच जुनी आहे. पुढे 1881 साली बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्ड येथे त्याने विजेची ट्राम सुरू केली, तेव्हा ही मधली पट्टी वगळून पाहिली. एका रुळातून प्रवाह यावा आणि दुसऱ्यातून परत जावा, अशी ती योजना होती. खर्च वाचला खरा; पण रस्ता ओलांडताना ज्या घोड्यांचे आणि माणसांचे पाय दोन्ही रुळांना लागत, त्यांना झटके बसू लागले. ज्यावरून सर्वांनी चालावयाचे, त्यातच वीज ठेवणे शहाणपणाचे नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

आता आजच्या तिसऱ्या रुळाची रचना पाहू. चाकांच्या दोन रुळांच्या बाहेर, थोड्या अंतरावर आणि थोड्या उंचीवर, त्यांना समांतर असा हा रूळ टाकलेला असतो. तो जमिनीला टेकत नाही. चिनी माती अथवा तत्सम वीज न वाहणाऱ्या पदार्थाच्या आधारांवर तो पेललेला असतो. गाडीच्या खाली, चाकांच्या चौकटीला एक मजबूत धातूची पट्टी जोडलेली असते. रेल्वेच्या परिभाषेत तिला 'शू', म्हणजे जोडा, असे म्हणतात. हा जोडा तिसऱ्या रुळावर घासत पुढे सरकतो व प्रवाह उचलून घेतो. तो प्रवाह डब्याखालील मोटारींना मिळतो, मोटारी चाके फिरवितात आणि आपले काम संपवून प्रवाह चाकांवाटे धावण्याच्या रुळांत उतरतो. तेथून तो उपकेंद्रात परत जातो. एक फेरा पुरा झाला.

हा जोडा रुळाला कोणत्या अंगाने स्पर्श करतो, यावरून पद्धती निरनिराळ्या झाल्या आहेत. काही ठिकाणी तो वरून टेकतो, काही ठिकाणी बाजूने, तर काही ठिकाणी खालून, स्प्रिंगच्या जोराने वर दाबलेला असतो. वरून टेकणारी रचना सर्वांत सोपी. परंतु तिच्यात रुळाचा वरचा पृष्ठभाग उघडा राहतो. थंड देशांत त्यावर बर्फाचा थर जमतो आणि जोडा व रूळ यांच्यामध्ये पडदा उभा राहतो. मग निळ्या ठिणग्या उडतात आणि कधी कधी गाडी जागीच थांबते. खालून स्पर्श करणाऱ्या रचनेत रुळाच्या वरच्या आणि बाहेरच्या अंगावर आच्छादन घालता येते. त्यामुळे बर्फापासून बचाव होतो आणि चुकून लागणाऱ्या हातापायांपासूनही.

या खालून स्पर्श करणाऱ्या पद्धतीमागे एक दुःखद घटना आहे. 8 जानेवारी 1902 रोजी न्यूयॉर्क शहरात पार्क ॲव्हेन्यूच्या बोगद्यात दोन गाड्यांची टक्कर होऊन पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. वाफेच्या इंजिनांचा धूर आणि वाफ बोगद्यात इतकी कोंडली होती की चालकाला इशाऱ्याचे दिवे दिसले नाहीत. या अपघातानंतर शहराच्या त्या भागात वाफेच्या इंजिनांना कायद्याने बंदी झाली आणि रेल्वेला विजेकडे वळणे भाग पडले. विल्यम विल्गस व फ्रँक स्प्रेग या दोघा अभियंत्यांनी तेव्हा खालून स्पर्श करणारा, आच्छादित असा तिसरा रूळ योजिला आणि 1906 पासून त्यावर गाड्या धावू लागल्या. धुराने घेतलेले बळी विजेने घेऊ नयेत, एवढी काळजी त्या रचनेत दिसते.

आता कोणी विचारील की, रूळ जर कोठे तुटला तर? आणि तो तर अनेक ठिकाणी मुद्दाम तोडलेलाच असतो! जेथे एक मार्ग दुसऱ्याला मिळतो, जेथे माणसे व वाहने फाटकातून रूळ ओलांडतात, तेथे तिसरा रूळ अखंड ठेवता येत नाही. अशा जागी जमिनीखालून केबल नेऊन पलीकडचा तुकडा अलीकडच्याला जोडतात. तुकड्याचे टोक उताराचे केलेले असते, म्हणजे जोडा त्यावर आदळत नाही, अलगद चढतो. गाडीला एकच जोडा नसून तिच्या लांबीभर, दोन्ही बाजूंना, अनेक जोडे असतात. पुढचा जोडा खंडावर असला तरी मागचा अद्याप रुळावर असतो आणि प्रवाह चालू राहतो. लांब गाडीचे काम असे भागते. एकट्या इंजिनाचे काय? इंग्लंडच्या दक्षिण भागात 1941 साली जी इंजिने आली, त्यांच्यात यासाठी एक जड चक्र सतत फिरत ठेवले होते. प्रवाह क्षणभर खंडित झाला, तरी त्या चक्राच्या फिरण्यातून वीज निर्माण होऊन इंजिन खंड ओलांडून जाई. कुंभाराने काठी काढून घेतल्यावरही चाक फिरत राहते, तोच हा न्याय.

येथवर सर्व सुरळीत वाटेल. मग सगळीकडेच तिसरा रूळ का नाही? याचे उत्तर समजण्यासाठी आपल्या कुळागरातील पाट आठवा. पाणचक्की चालवावयाची असेल तर दोन उपाय आहेत: पाणी थोडे, पण पुष्कळ उंचीवरून सोडणे, किंवा उंची थोडी, पण पाणी पुष्कळ सोडणे. काम तेवढेच होईल. परंतु दुसऱ्या उपायात पाट फार रुंद लागेल. विजेचेही असेच आहे. उंचीच्या जागी विद्युद्दाब, म्हणजे व्होल्ट, आणि पाण्याच्या जागी प्रवाह, म्हणजे अँपिअर. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती.

समजा, वेग घेताना एका गाडीला 3000 किलोवॅट शक्ती लागते. तिसऱ्या रुळावर सामान्यतः 750 व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो. भागाकार करून पाहा: 4000 अँपिअर लागतील. तीच शक्ती डोक्यावरील 25000 व्होल्टच्या तारेतून घेतली, तर केवळ 120 अँपिअर पुरतील. वाहकात उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून 4000 अँपिअर वाहून नेण्यास बारीक तार चालत नाही, जाडजूड रूळच लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. काही थोड्या किलोमीटरांवर उपकेंद्रे बांधून जागोजाग वीज पुरवावी लागते. बरे, तिसऱ्या रुळाचा दाबच वाढवावा, तर तो जमिनीपासून वीतभर अंतरावर. दाब फार वाढला की वीज मधली हवा ओलांडून जमिनीकडे झेप घेईल. जर्मनीतील हॅम्बर्ग शहराच्या गाड्या 1200 व्होल्टवर चालतात. पण त्याहून फार पुढे कोणी गेलेले नाही. म्हणूनच लांब पल्ल्याच्या मार्गांना तार आणि शहरातील मार्गांना तिसरा रूळ, अशी वाटणी जगात बहुतेक ठिकाणी झाली आहे.

शहरात त्याचे मोल मोठे आहे. जमिनीखाली बोगदा खणताना प्रत्येक वितीला पैसे पडतात. तार डोक्यावर असेल तर तिच्यासाठी आणि तिच्याभोवती मोकळ्या ठेवावयाच्या हवेसाठी बोगदा उंच करावा लागतो. तिसरा रूळ मात्र बाजूच्या रिकाम्या कोपऱ्यात मावतो. लंडनमध्ये 1890 साली विजेवर चालणारी पहिली खोल भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिचा बोगदा जेमतेम तीन मीटर व्यासाचा होता. वाफेचे इंजिन त्यात चालविणे म्हणजे प्रवाशांना गुदमरविणे. विजेचा रूळ नसता, तर ती रेल्वे झालीच नसती. पुढे लंडनने एक पाऊल आणखी टाकले. परतीचा प्रवाह धावण्याच्या रुळांतून झिरपून बोगद्याच्या लोखंडी अस्तरात व नळांत शिरला, तर ते लोखंड हळूहळू झिजते. म्हणून तेथे परतीसाठी मधोमध चौथा रूळ टाकण्यात आला.

आपल्या देशात मुंबईची पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी धावली, ती 1500 व्होल्टच्या तारेखालून. तिसऱ्या रुळावरील मेट्रो आपल्याकडे प्रथम आली ती कोलकात्यात. 24 ऑक्टोबर 1984 रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा सुमारे साडेतीन किलोमीटरांचा मार्ग खुला झाला. त्यानंतर बंगळूर येथे 20 ऑक्टोबर 2011 रोजी, कोची येथे 2017 साली व अहमदाबाद येथे 2019 साली जे मेट्रोमार्ग सुरू झाले, तेही 750 व्होल्टच्या तिसऱ्या रुळावर. उलट दिल्ली, हैदराबाद, नागपूर आणि पुणे येथील मेट्रोगाड्या डोक्यावरील तारेतून वीज घेतात. म्हणजे दोन्ही पद्धती आपल्या डोळ्यांसमोर नांदत आहेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, मग माणसाला का व्हावे, असे पुष्कळांना वाटते. पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्याच्या शरीरातून पलीकडे जाण्याची वाट विजेला मिळत नाही. जमिनीवर उभा असलेला मनुष्य तिसऱ्या रुळाला शिवला, की तो स्वतःच ती वाट बनतो. घरातील वीज 230 व्होल्टची. ही तिच्या तिपटीहून अधिक दाबाची आणि हजारो अँपिअर पुरविण्याची ताकद असलेली. शिवाय तार जशी उंचावर असल्याने आपोआप दूर राहते, तसा हा रूळ राहत नाही. आणि त्यात वीज आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत ज्या राजकीय प्रश्नाला हात लावण्यास पुढारी धजत नाहीत, त्याला 'तिसरा रूळ' म्हणण्याची रूढी पडली आहे, ती उगीच नव्हे.

2024 च्या जानेवारीत बंगळूरच्या मेट्रोत एक बाई हातातून पडलेला फोन उचलण्यासाठी रुळांवर उतरल्या. कर्मचाऱ्यांनी तत्काळ प्रवाह तोडला म्हणून अनर्थ टळला. फोनची किंमत काही हजार रुपये. पण ती बाई ज्या रुळाजवळ उतरली होती, त्याची किंमत तिला ठाऊक होती काय, हा प्रश्न मनात राहतोच. यंत्रे शहाणी होत आहेत, यात शंका नाही. फ्रान्समधील बोर्दो शहरात 2003 पासून धावणाऱ्या ट्रामच्या मार्गात रस्त्यातच बसविलेला तिसरा रूळ लहान लहान तुकड्यांचा आहे, आणि ट्राम ज्या तुकड्यावर असेल तेवढ्यातच वीज येते. बाकीचा रूळ निर्जीव असतो आणि त्यावरून मुले खुशाल चालत जातात. सीमेन्सच्या ट्रामने घोड्यांना दिलेल्या झटक्यांचे हे सव्वाशे वर्षांनी मिळालेले उत्तर होय. पण असे उत्तर खर्चाचे असते. सर्व ठिकाणी ते लाभेल, असे धरून चालता येणार नाही.

तेव्हा तुमच्यापैकी जे कोणी शिक्षणासाठी वा सहलीसाठी अशा शहरी जातील, त्यांनी फलाटावर उभे राहून अवश्य निरीक्षण करावे. तिसरा रूळ बहुधा फलाटाच्या पलीकडच्या अंगाला, आच्छादनाखाली दिसेल. चढउतार करणाऱ्यांपासून तो दूर राहावा म्हणून तो तिकडे ठेवतात. गाडी आली की तिच्या खालचा जोडाही पाहावा. मात्र हे सारे पिवळ्या रेषेच्या अलीकडून पाहावे. हातातली वस्तू खाली पडली तर ती पडू द्यावी आणि कर्मचाऱ्याला सांगावे. प्रवाह बंद करून ती काढून देण्याचे काम त्याचे आहे.